घरी राइट केलेली डीव्हीडी प्लेअरवर का चालत नाही?

प्रश्न : हरिनाम सप्ताहातल्या कीर्तनाचे मोबाइलवरचे चित्रीकरण मी संगणकावरून डीव्हीडीवर राइट केले. शेजाऱ्यांच्या प्लेअरवर ती चालते, आईच्या जुन्या प्लेअरवर मात्र ‘नो डिस्क’ येते. काय करावे?
– एक वाचक, पाटोदा (जि. बीड)

उत्तर : शेजाऱ्यांकडे चालते म्हणजे चित्रीकरण शाबूत आहे, काळजी नको. ‘नो डिस्क’ याचा अर्थ जुन्या प्लेअरच्या लेझरला डिस्क वाचताच येत नाही. आधी लेन्सवरची धूळ काढून घ्या. कंपनीची छापील डिस्क तिथे चालत असेल, तर दोष राइटिंगमध्ये शोधा.

माझा पहिला संशय ‘फायनलाइज’वर आहे. ही शेवटची पायरी राहिली, तर संगणक डिस्क वाचतो, साधा प्लेअर बहुधा नाही. दुसरा संशय डिस्कच्या प्रकारावर. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी ‘आरडब्ल्यू’ डिस्क प्रकाश फार कमी परावर्तित करते. जुन्या लेझरला तो पुरत नाही. साधी डीव्हीडी-आर घ्या, ती जुन्या यंत्रांना सहसा चालते. वेग ४ एक्स किंवा ८ एक्स ठेवा. कागदी लेबल चिकटवू नका, डिस्कचा तोल जातो.

शिवाय एमपी४ फाइल नुसती कॉपी करून भागत नाही. सॉफ्टवेअरमध्ये ‘डीव्हीडी-व्हिडिओ’ आणि ‘पाल’ निवडा.

राइट केलेल्या डिस्कमधला रंगथर उन्हाने, उष्णतेने खराब होतो. म्हणून मूळ फाइल मोबाइलमधून पुसण्याआधी हार्ड डिस्कवर जरूर ठेवा.