क्षमा आणि थकलेली मजुरी



संत मत्तयच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात, क्षमा न करणाऱ्या चाकराचा दाखला आहे. राजाने त्याचे प्रचंड कर्ज सोडून दिले. त्याने मात्र शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. पुढची गोष्ट आपण सहसा विसरतो. हा अन्याय पाहून इतर चाकर गप्प बसले नाहीत. त्यांनी राजाला जाऊन सांगितले. म्हणजे क्षमेच्या दाखल्यातच न्यायाची हाक आहे.

मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप लांबला, हजारोंचे काम कायमचे गेले. पोटासाठी कोणी कामावर परतला, कोणी बाहेरच राहिला. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत कटुता आली. अशांनी एकमेकांना क्षमा करावी, हीच प्रभू येशूची शिकवण.

पण कामगाराची थकलेली मजुरी, फंड, ग्रॅच्युइटी हे मालकाचे देणे आहे. दुसऱ्याचे येणे आपण परस्पर माफ करू शकत नाही. मजुरी बुडवणे हा घोर अपराध आहे, असे पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात बजावले.

या आठवड्यात आपण काम सुटलेल्या शेजाऱ्याला भेटू या, अर्ज लिहायला मदत करू या. घरकामाच्या बाईचा पगार राहिला असेल, तर आधी तो देऊ या आणि मगच वेदीजवळ येऊ या.