उशिरा बोलणारे बालक

‘याचा बापही उशिराच बोलला’ असे म्हणून घरची वडीलधारी माणसे वाट पाहतात, आणि बालक सहाव्या वर्षी पहिलीत येते तेव्हा भाषा शिकण्याची मोलाची वर्षे निघून गेलेली असतात. दोन वर्षे पूर्ण होऊनही मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर प्रथम त्याच्या श्रवणाची तपासणी व्हावी. ऐकू न येणाऱ्या मुलास मंदबुद्धी ठरविण्याची चूक अद्यापि घडते.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार वैद्यकीय पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीस भेट द्यावयाची असते. शंका वाटल्यास बालकास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. परंतु पथकाच्या दिवशी नेमके तेच मूल लाजेपोटी घरी ठेवलेले असते! शिक्षकाने आदल्या सायंकाळी त्या घरी जाऊन यावे.

शिकविण्याची रीत साधी आहे. सदऱ्याची गुंडी लावावयाची झाल्यास आरंभीचे सर्व सेविकेने करावे. काजातून अर्धी बाहेर आलेली गुंडी ओढून घेणे एवढेच बालकाकडे सोपवावे. काम पुरे केल्याचा आनंद त्यास पहिल्याच दिवशी मिळतो. ते साधले की त्याच्या आधीची पायरी द्यावी.