तयार सॉफ्टवेअर आणि गावचे दुकान

वाणिज्य शाखेच्या विषयात कला शाखेच्या विद्यार्थ्याने लुडबूड का करावी, असे कुणी विचारील. कारण घरगुती आहे. पिंपळवंडीस माझ्या मामांचे कृषी सेवा केंद्र आहे आणि सुटीत तेथला हिशेब माझ्या गळ्यात पडतो.

दुकानात टॅली आहे. श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या धंद्याच्या हिशेबासाठी मनाजोगे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांचे चिरंजीव भरत यांनी ते लिहिले. १९८६ साली बंगळुरात कंपनी निघाली. आज तेच तयार सॉफ्टवेअर आमच्या मामांना अपुरे पडत होते. त्यांच्या तक्रारी तीन : औषधाची मुदत कळत नाही, टोमॅटोचे पैसे आल्यावर शेतकरी उधारी देतो, ती कोणत्या बिलापोटी हे समजत नाही, आणि बिलावर पिकाचे नाव येत नाही. नवे सॉफ्टवेअर करवून घेण्याचा खर्च ऐकून मामा म्हणाले, "अरे, एवढ्यात मी दुकानाचा पत्रा बदलीन!"

बाजारातून तयार सदरा आणला आणि बाही लांब झाली, तर आपण नवे कापड घेत नाही, शिंप्याकडे जातो. येथेही तेच करावे. आधी सदरा नीट पाहावा. पाहिल्यावर कळले की, बॅच व मुदतीची तारीख नोंदवण्याची सोय टॅलीत मुळातच आहे. बिलवार उधारीचीही आहे. दोन्ही फक्त सुरू करावयाच्या होत्या. मुदत संपलेले कीटकनाशक विकणे कायद्यात बसत नाही, तेव्हा ही सोय म्हणजे केवळ चैन नव्हे.

उरले पिकाचे नाव. त्यासाठी 'टीडीएल' ही टॅलीची स्वतःची भाषा आहे. तिच्यात लिहिलेली छोटी जोडणी वेगळ्या फाइलीत राहते. मूळ सॉफ्टवेअरला धक्का लागत नाही. मात्र नवी आवृत्ती घेतली की जोडणी तपासून पाहावी.

एक ठेच सांगतो. पूर्वी एकाकडून मामांनी अशीच जोडणी करून घेतली होती. त्याने फक्त बंद फाइल दिली, मूळ लिखाण दिले नाही. पुढे एक रकाना बदलायचा होता, तर सारे काम पुन्हा पैसे मोजून करावे लागले. म्हणून या खेपेस मूळ लिखाण हाती आल्यावरच मामांनी पैसे दिले.

तात्पर्य, आधी आपली गरज कागदावर लिहावी, मग आहे त्यात शोधावे आणि उरेल तेवढेच शिवून घ्यावे. गरज नेमक्या शब्दांत मांडणे हे तर आम्हां कला शाखेवाल्यांचेच काम!