दोरीपासून पळू नका, दोरीकडे जा

नारळी पौर्णिमा झाली की होड्या पुन्हा समुद्रात जातात आणि थोड्याच दिवसांत आमच्या दवाखान्यात दोरीने काचलेल्या हातापायांचे रुग्ण येऊ लागतात. त्यातला एक बावीस वर्षांचा खलाशी माझ्या चांगला लक्षात राहिला आहे. जाळे सोडताना दोरीच्या वेटोळ्यात त्याचा पाय पडला आणि जाळ्याच्या ओढीने तो क्षणात होडीबाहेर फेकला गेला. घोट्याभोवती काळानिळा वळ घेऊन तो आला होता. तो म्हणाला, "डॉक्टर, मी जितका ओढत होतो तितकी दोरी आवळत होती. शेवटी दमलो. पाय सैल सोडला, वाकून दोरीला हात घातला, तर ती आपसूक निघाली." वर होडीत त्याच्या वडिलांनी त्याच वेळी इंजिन न्यूट्रलला टाकले होते, त्यामुळे दोरीचा ताण गेला होता. दोन्ही गोष्टी जुळून आल्या म्हणून मुलगा वाचला.

पाण्याखाली अडकलेल्या माणसाची पहिली प्रेरणा दूर पळण्याची असते. दोरी, जाळे किंवा वेल यांच्या बाबतीत नेमकी हीच प्रेरणा घात करते. ताणलेली दोरी सुटत नाही, सैल दोरी सुटते. म्हणून जिथे अडकलो आहोत तिकडेच सरकायचे, ताण काढायचा आणि मग हात चालवायचा. सांगायला हे सोपे आहे, पण करायला अवघड का जाते हे समजण्यासाठी शरीरात त्या वेळी काय घडते ते पाहू.

जमिनीवर शांत बसलेला सर्वसाधारण निरोगी माणूस अर्धा ते एक मिनिट श्वास सहज रोखू शकतो. तोच माणूस पाण्यात अनपेक्षितपणे पडून हातपाय झाडू लागला की पंधरा-वीस सेकंदांतच त्याचा जीव गुदमरू लागतो. स्नायू जितके काम करतात तितका प्राणवायू खर्च होतो आणि तितकाच कार्बन डायऑक्साइड रक्तात साठतो. श्वास घेण्याची जी असह्य ऊर्मी येते ती मुख्यतः या साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे येते; ती आली म्हणजे प्राणवायू लगेच संपला असे नव्हे. छातीत पहिला आचका आला तरी हातात काही मोलाचे सेकंद असतात. हे ज्याला ठाऊक आहे तो ते सेकंद दोरी सोडवण्यात घालवतो. ज्याला ठाऊक नाही तो घाबरून तोंड उघडतो.

याच्या उलट एक चूक धरणाच्या पाण्यात मासेमारी करणारे करतात. बुडालेल्या झाडाच्या खोडात अडकलेले जाळे सोडवण्यासाठी बुडी मारण्यापूर्वी ते भराभर दहा-पंधरा खोल श्वास घेतात. त्याने प्राणवायू फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र खूप कमी होतो. मग धोक्याची घंटा वाजतच नाही आणि माणूस काहीही न जाणवता पाण्याखाली बेशुद्ध होतो. बुडीपूर्वी एक-दोन साधे श्वास पुरेत, आणि अशी बुडी एकट्याने कधीही मारू नये.

ताण काढण्याची ही विद्या सर्वांत शिस्तीने शिकवली जाते ती विंडसर्फिंग या खेळात. फळीवर उभे राहून शीड हाताने धरायचे आणि वाऱ्यावर धावायचे, असा हा खेळ १९८४ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे आणि गोव्याच्या किनाऱ्यावर आपल्यापैकी काहींनी तो पाहिलाही असेल. शिडाची ओढ हातांना फार वेळ पेलत नाही, म्हणून खेळाडू कमरेला हार्नेस नावाचा रुंद पट्टा बांधतो. त्याच्या पुढच्या बाजूला लोखंडी आकडा असतो. शिडाच्या आडव्या दांडीला दोरीचा फास लोंबत असतो, तो आकड्यात अडकवला की शरीराच्या वजनाने शीड तोलले जाते. सोय मोठी, पण वाऱ्याचा जोराचा झोत आला की खेळाडू शिडासकट पुढे फेकला जातो, आकडा फासातच राहतो आणि शीड अंगावर पडते. पडताना शरीर गिरकी खाल्लेले असेल तर फासाला पीळ बसतो.

अशा वेळी शिकवले जाते ते असे. आकड्यापासून मागे रेटायचे नाही. एका हाताने दांडी धरून तिच्याकडेच स्वतःला ओढायचे, म्हणजे फास ढिला पडतो. ज्या दिशेने गिरकी बसली त्याच्या उलट दिशेने अंग वळवायचे आणि फास आकड्यातून खाली सारायचा. तरीही सुटला नाही तर फासाशी झटापट करत न बसता पट्ट्याचे बक्कल उघडून पट्टाच सोडून द्यायचा. मग एक हात डोक्यावर शिडाच्या कापडाला टेकवून एकाच दिशेने सरकत कडेला यायचे. दिशा बदलत राहिले तर माणूस कापडाखालीच घोटाळत राहतो. हे सारे आधी जमिनीवर, मग कमरेइतक्या पाण्यात डोळे मिटून करून घेतात. उगाच नव्हे, कारण गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नसतो, जे काही करायचे ते बोटांनीच करावे लागते.

उत्तम पोहणाऱ्याला हे शिकण्याची गरज नाही असा समज असेल तर तो सोडावा. मे २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात शर्यतीची मोठी शिडाची नौका सरावात उलटली. तिच्या अवशेषांखाली अडकून अँड्र्यू सिम्पसन हा ब्रिटिश खलाशी मरण पावला. बीजिंगच्या २००८ च्या ऑलिम्पिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळवले होते. शिडाच्या नौकांच्या शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत २०२३ पासून अशी अट आहे की, नौकेबाहेर लोंबकळून तोल सांभाळणाऱ्याचा हार्नेस कोणत्याही क्षणी झटकन मोकळा करता आला पाहिजे.

आता हाच नियम आपल्या घरच्या दोऱ्यांना लावून पाहावा. आपल्याकडे निरगाठ आणि सुरगाठ असे दोन नेमके शब्द आहेत. पोहायला शिकणाऱ्या मुलाच्या पाठीला डबा किंवा पांगाऱ्याचे लाकूड बांधतात, ते बहुतेक वेळा निरगाठीने, "सुटायला नको" म्हणून. विहिरीतल्या मोटारीच्या पाइपला किंवा कपारीला ती दोरी अडकली तर मूल वरही येत नाही आणि सुटतही नाही. गाठ मुलाच्या हाताला येईल अशी पुढे, पोटावर असावी. तिचे मोकळे टोक ओढले की ती सुटावी, आणि ते टोक ओढण्याचा सराव मुलाला काठावर चार वेळा द्यावा. अर्थात मोठे माणूस पाण्यात शेजारी हवेच.

पोळ्याला बैल धुताना कासरा मनगटाला गुंडाळण्याची सवय तर फारच वाईट. बुजलेला बैल खोल पाण्याकडे वळला की गुंडाळलेला हात सुटत नाही. कासरा मुठीत धरावा, म्हणजे मूठ उघडली की माणूस मोकळा होतो. जाळे ओढतानाही दोरी हाताला गुंडाळू नये.

नायलॉनच्या जाळ्याचा प्रकार जरा निराळा आहे. त्याचा धागा पाण्यात दिसतच नाही. शर्टाची बटणे, घड्याळ, चपलेचा पट्टा, कमरेचा करगोटा, काहीही त्यात गुंतते. गोल फिरू नये, पाय झाडू नयेत. प्रत्येक गिरकीला जाळ्याचा आणखी एक थर अंगाला बसतो. हात अंगालगत ठेवावेत, ज्या दिशेने आत गेलो त्याच दिशेने मागे यावे आणि बटण किंवा चप्पल गुंतली असेल तर ती वस्तूच सोडून द्यावी. जाळ्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर बोथट टोकाची, दातेरी धारेची, न गंजणारी सुरी हवी. ती छातीशी किंवा कमरेला पुढच्या बाजूला असावी, कोणत्याही एका हाताने निघेल अशी. होडीच्या पेटीत ठेवलेली सुरी पाण्यात पडलेल्याच्या काय कामाची? जाळे महाग असते हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तांडेलाने किनाऱ्यावर असतानाच सर्वांसमोर सांगून ठेवावे की माणूस अडकला तर जाळे कापायचे, विचारत बसायचे नाही.

वर असलेल्यांनी प्रथम इंजिन न्यूट्रलला टाकावे आणि दोरीला ढील द्यावी. माणूस त्याच दोरीच्या टोकाला आहे, तेव्हा ती हाताने परत होडीत घ्यावी. जाळ्यात उडी मारू नये. एकाचे दोन बळी जातात.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर एक क्षणही दवडू नये. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत कायमची इजा होऊ लागते. त्याला डोक्यावर घेऊन गरगर फिरवणे, उलटे टांगणे, पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार अजूनही गावोगाव चालतात. त्यात वेळ जातो आणि पोटातले पाणी व अन्न वर येऊन फुप्फुसात शिरते. त्याला उताणे निजवावे, हनुवटी वर उचलावी, नाक चिमटीत धरून तोंडाला तोंड लावून प्रथम दोन ते पाच श्वास द्यावेत. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी सुमारे पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या वेगाने तीस वेळा दाबावे. त्यानंतर दोन श्वास, पुन्हा तीस दाब, असे चालू ठेवावे. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा.

दोरीचा वळ बसलेला पाय किंवा हात थंड, पांढरा अथवा बधिर असेल तर रक्तपुरवठ्याला धक्का बसलेला असू शकतो. त्यावर चोळू नये, हळद भरून घरी बसू नये. मांसात रुतलेला नायलॉनचा धागा ओढून काढू नये, तो दोन्ही बाजूंनी कापून रुग्णाला तसेच रुग्णालयात आणावे.

आणि बुडता बुडता वाचलेला माणूस "मला काही झाले नाही" म्हणाला तरी त्याला रुग्णालयात न्यावेच. थोडे पाणी फुप्फुसात गेले असेल तर खोकला, धाप, ओठांची निळसर छटा ही लक्षणे काही तासांनीही दिसू शकतात. सहा ते आठ तास देखरेखीखाली काढून, श्वास आणि छाती पुन्हा तपासून मगच त्याला घरी सोडले जाते.