सँपल ठेवून जा

“मशीनच तर कापतं. तुम्ही त्यात काय केलंत?”

माझं काम उचलून झाल्यावर मला फोनवर हे ऐकवलं गेलं. घरी कटिंग मशीन घेऊन कार्डं, डबे, पाकिटं करणाऱ्या प्रत्येकीला हा प्रश्न कधी ना कधी विचारला जातो, म्हणून मी त्याचं उत्तर इथे सविस्तर देणार आहे. त्या बाईंनी ते ऐकून घेतलं नाही. तुम्ही तरी ऐका.

बाई चॉकलेटं करतात. चांगली करतात, ते मी आजही नाकारत नाही. डिसेंबरात त्यांचा निरोप आला: व्हॅलेंटाइनसाठी नऊ चॉकलेटांचा डबा हवा, झाकणावर मराठी अक्षरं कोरलेली, सोबत त्याच नक्षीचं कार्ड. सुरुवात शंभर डब्यांनी, आवडले तर पुढे आणखी. ७ फेब्रुवारीच्या रोझ डेपासून गिऱ्हाईक सुरू होतं आणि ९ तारखेचा चॉकलेट डे हाच त्यांचा खरा धंद्याचा दिवस, म्हणजे माल जानेवारी संपायच्या आत हातात हवा. “बाजारात सगळीकडे तेच लाल हार्ट आणि ‘लव्ह यू’ आहे हो ताई, मला आपल्या भाषेतलं काहीतरी पाहिजे,” असं त्या म्हणाल्या होत्या. मला ते मनापासून पटलं. मी ‘तुझं-माझं’ ही अक्षरं सुचवली. झाकणाला चौकोनी खिडकी, खिडकीत ही अक्षरं जाळीसारखी टांगलेली, आणि मागून सोनेरी कागद.

मशीनला देवनागरी येत नाही, इथून सुरुवात करू. म्हणजे अक्षरं पडद्यावर दिसतात, पण मशीनला प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा वेगळी कळते. शिरोरेखा एका अक्षरावरून दुसऱ्यावर किंचित चढलेली असते, आणि पातं त्या प्रत्येक सांध्यावर कापत जातं. नुसतं टाइप करून ‘कट’ दाबलंत तर हातात शब्दाचे तुकडे येतात. म्हणून मी अक्षरं आधी इंकस्केपमध्ये घेते. ते सॉफ्टवेअर फुकट आहे. युनिकोड फाँटमध्ये टाइप करायचं, अक्षरांचं पाथमध्ये रूपांतर करायचं, मग युनियन करून अख्खा शब्द एकसंध करायचा आणि एसव्हीजी फाइल करून क्रिकट या माझ्या मशीनच्या डिझाइन स्पेस सॉफ्टवेअरमध्ये आणायची. आणल्यावर माप तपासायचं, कारण इलस्ट्रेटर इंचाला ७२ पिक्सेल धरतो आणि इंकस्केप ९६, त्यामुळे फाइल कुठून आली त्यावर डबा लहानमोठा होऊ शकतो. फाँटसाठी एक टाइप या मुंबईच्या मंडळींचे बलू आणि मुक्त हे फाँट वापरा. खुल्या परवान्याचे आहेत, विकायच्या वस्तूवरही चालतात, आणि बलूची अक्षरं जाड असल्यामुळे कागदात टिकतात.

शब्द जोडला तरी अनुस्वार उरतोच. ‘तुझं’वर एक, ‘माझं’वर एक. शिरोरेखेला चिकटलेले नसल्यामुळे दोन्ही ठिपके कापल्याबरोबर गळून पडतात. त्यांना धरून ठेवायला मी बारीक पानं काढली, शिरोरेखेतून निघून ठिपक्यापर्यंत जाणारी. ‘माझं’वरचं पान मात्र फाटत राहिलं. तिथे वळण तीव्र होतं, पातं वळताना कागद ओढत होतं आणि कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, नेमका आडवा येत होता. मी ते पान जाड केलं आणि देठाशी एक गोलसर फुगवटा दिला, मग ते टिकलं. म्हणून माझ्या डिझाइनमध्ये दोन पानं सारखी नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कागदाची गोष्टही अशीच. लाल कागद दुकानात सगळे सारखेच दिसतात, पण काही नुसते वरून रंगवलेले असतात. घडी घातली की कडेला पांढरी रेघ उमटते आणि अख्ख्या डब्याची शोभा जाते. पुण्यात आप्पा बळवंत चौकाच्या आसपास कागदवाल्यांकडे गेलात तर नमुन्याचा कोपरा फाडून बघू द्या असं सरळ सांगा. आतून लाल असेल तरच घ्या. ३०० जीएसएमच्या खाली डब्याला जाऊ नका. शीट २५×३६ इंचांची मिळाली तर १२×१२ चे सहा तुकडे निघतात, २३×३६ मधून तीनच. हा हिशेब दुकानदार आपणहून सांगत नाही. झाकण तळापेक्षा लांबी-रुंदीत दोन मिलिमीटर मोठं ठेवा. एकच मिलिमीटर ठेवलात तर उघडताना हिसका बसतो आणि आतली चॉकलेटं उलटीपालटी होतात. घडीच्या रेषा शक्य तिथे ग्रेनच्या दिशेने घ्या. कापून झाल्यावर कागद मशीनच्या चिकट मॅटवरून ओढायचा नाही, मॅट पालथी करून कागदापासून सोडवायची, म्हणजे बारीक अक्षरं वळत नाहीत. नवी मॅट फार चिकट असते, तिच्यावर आधी सुती कापड दोनचारदा थोपटा.

हे सगळं होऊन एक डबा उभा राहतो. मशीन जे कापतं ते काही मिनिटांत कापून होतं.

दोन डबे आणि एक कार्ड घेऊन मी बाईंकडे गेले. त्यांनी झाकण उघडलं, मिटलं, खिडकीतून बोट फिरवलं. “सुंदर झालंय हो. सँपल ठेवून जा, मिस्टरांना दाखवते.” मी ठेवलं. आपल्याकडे सगळेच असं ठेवतात. शिंपी कापडाचा तुकडा ठेवून जातो, हलवाई पेढ्याचा पुडा. त्यानंतर आठवडाभर फोन उचलला गेला नाही, आणि मग मेसेज आला: ‘यंदा राहू दे हं ताई, बजेटमध्ये बसत नाही.’ वर हात जोडलेले. डबे परत मिळतील का, असं मी विचारलं. ते ‘कुठेतरी ठेवलेत, शोधते’ यावर थांबलं. मला वाईट वाटलं, पण ऑर्डरी येतात-जातात. मी दुसऱ्या कामाला लागले.

मग चॉकलेट डेच्या संध्याकाळी माझी पुतणी कॉलेजातून आली. मैत्रिणीने दिलेला डबा तिने कौतुकाने माझ्यापुढे धरला. “काकू, हा तुमचा ना? मी सगळ्यांना सांगितलं, हे माझ्या काकूंनी केलंय.”

लाल डबा, खिडकी, सोनेरी कागद, ‘तुझं-माझं’. क्षणभर मलाही तो माझाच वाटला. त्यांनी शेवटी दोन सँपलांपैकीच एक विकलं की काय, असं मनात आलं. मग हातात घेतल्यावर कडा दिसल्या. काळपट तपकिरी. नाकाशी धरला तर जळल्याचा वास. डबा लेझरवर कापलेला होता, म्हणजे माझा नव्हताच. मी दिव्याखाली नेऊन अक्षरं पाहिली. ‘तुझं’वरचं पान बारीक, ‘माझं’वरचं जाड, देठाशी गोलसर फुगवटा. लेझर कागदाला हात लावत नाही, तो ओढत नाही, तिथे पान जाड करायचं कुणालाही काही कारण नव्हतं. माझ्या पात्याची अडचण त्यांच्या डब्यावर जशीच्या तशी उतरली होती. त्या पानाकडे पाहताना माझे हात कापत होते. पुतणी विचारत राहिली, “काकू, काय झालं?” तिला काय सांगणार? ती सगळ्या वर्गात माझं नाव सांगून आली होती.

तोवर माझा समज होता की फाइल आपल्या कॉम्प्युटरमध्ये आहे म्हणजे डिझाइन सुरक्षित आहे. डब्याच्या बाबतीत तसं नसतं. चार कोपऱ्यांची चिकटपट्टी सोडवा, डबा आडवा पसरा, स्कॅनरवर ठेवा. डबा स्वतःच आपला आराखडा असतो. लेझरवाल्याला तेवढं पुरतं.

मी फोन केला. शांतपणे बोलायचं ठरवलं होतं आणि शांतपणेच बोलले. बाई आधी म्हणाल्या, “आमच्या भाच्याने कॉम्प्युटरवर केलंय.” मी पानांचं सांगितलं. मग सूर बदलला. “अहो, डबा काय कुणाच्या मालकीचा असतो का? इंटरनेटवर हजार पडलेत.” आणि त्यानंतर ते वाक्य, मशीनचं. सँपलांचे तरी पैसे द्या म्हटलं, तर “दोन कागदाच्या डब्यांचे?” असं हसून फोन ठेवला. ते हसणं मला चोरीपेक्षा जास्त लागलं आहे. चॉकलेट साच्यात ओततात म्हणून ते साच्याने केलं, असं मी त्यांना कधी म्हटलं नव्हतं.

माझा मावसभाऊ वकील आहे. त्याने जे सांगितलं ते ऐकून राग आणखी वाढला, पण माहिती कामाची आहे. आपण कार्ड आणि डबा एकाच मशीनवर करतो, कायद्याला मात्र त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्डावरचं चित्र ही कलाकृती, तिला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण नोंदणीशिवायही असतं. डब्याचा आकार आणि रचना हे डिझाइन, ते २००० च्या डिझाइन्स कायद्याखाली कोलकात्याच्या कार्यालयात नोंदवावं लागतं. नोंदणी दहा वर्षं टिकते, पुढे पाच वर्षं वाढवता येते. नोंदवलं नाहीत आणि त्या डिझाइनच्या वस्तू तुम्ही औद्योगिक पद्धतीने पन्नासपेक्षा जास्त केल्यात की कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे त्या डिझाइनवरचा तुमचा कॉपीराइटही संपतो. म्हणजे धंदा चालला की हक्क गेला. घरातून काम करणाऱ्या किती जणींना हे माहीत असतं?

दुसरं असं की जे डिझाइन आधी जाहीर झालं, ते नोंदवता येत नाही. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर, इन्स्टाग्रामवर फोटो टाकायची आपल्याला घाई असते. नोंदणीचा विचार असेल तर आधी अर्ज, मग फोटो. मात्र डिझाइन्स कायद्याच्या कलम १६ मध्ये एक आधार आहे: विश्वासाने एखाद्याला दाखवलेलं डिझाइन त्याने विश्वास मोडून वापरलं, तर तेवढ्यावरून ते जाहीर झालं असं धरत नाहीत. म्हणून मी आता सँपलसोबत चलन देते. त्यावर तारीख, डब्याचा फोटो आणि एक ओळ असते, ‘हा नमुना फक्त पसंतीसाठी विश्वासाने दाखवला आहे, नक्कल करू नये, परत करावा.’ खाली समोरच्याची सही. सही करायला का-कू करणारा माणूस कसा आहे ते तिथेच कळतं.

फाइली तारखेसकट स्वतःकडे ठेवा, नुसत्या कंपनीच्या क्लाउडवर नकोत. क्रिकटने २०२१ च्या मार्चमध्ये महिन्याला वीसच डिझाइनं फुकट अपलोड करू देण्याचं जाहीर केलं होतं, लोक भडकले म्हणून मागे घेतलं. आपल्या कामावर दुसऱ्याच्या दाराचं कुलूप नको. डिझाइनमध्ये एखादी खूण ठेवा, कारण नसलेली, फक्त तुम्हाला माहीत असलेली. माझ्याकडे जाड पान होतं म्हणून मी छातीठोकपणे बोलू शकले. पसंतीसाठी डब्याचा व्हिडिओ दाखवा, प्रत्यक्ष डबा ठेवायचाच असेल तर कोपरे फेविकॉलने नको, लाल आवरणाच्या दुहेरी टेपने पक्के करा, सोडवताना कागद फाटला पाहिजे. पाण्याच्या गोंदाने लाल कागद तसाही फुगतो.

बाकी नेहमीचं: ॲडव्हान्स घ्या, सगळं लेखी ठेवा, गोड बोलण्यावर जाऊ नका.

आणि आपल्यातल्याही काही जणींना सांगायचं आहे. ‘वैयक्तिक वापरासाठी’ असं स्पष्ट लिहिलेल्या फुकट फाइली उतरवून त्यांचे डबे विकणाऱ्या मी पाहिल्या आहेत. दूर देशातली कुणी बाई रात्र जागून ती फाइल काढते. तिच्या फाइलीवर पैसे करून वर माझ्यासाठी हळहळणाऱ्यांची सहानुभूती मला नको.

सँपलचे मी आता डब्याच्या भावाच्या तिप्पट पैसे घेते, ऑर्डर आली तर बिलातून वजा करते. चांगली गिऱ्हाइकं एक शब्दही न बोलता देतात. एका बेकरीवाल्या काकांनी तर स्वतःहून विचारलं, “नमुन्याचं काय द्यायचं?” तुमच्याकडे कुणी “सँपल ठेवून जा” म्हणालं तर आधी पैसे आणि सही मागा. नाही म्हणाले, तर डबा पिशवीत घाला आणि निघा.