तोफांची सलामी आणि बंदुकीच्या तीन फैरी

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील शहागड हे गोदावरीच्या उत्तर तीरावरील गाव. सोलापूर-धुळे महामार्ग येथेच नदी ओलांडून बीड जिल्ह्यात जातो. अशा गावातील एखादा जवान कर्तव्य बजावताना धारातीर्थी पडला, की त्याचे पार्थिव तिरंग्यात लपेटून गावी आणले जाते आणि पंचक्रोशीतील जनसमुदायासमोर लष्करी इतमामात अंत्यसंस्कार होतात. त्या वेळी बंदुकांच्या तीन फैरी झाडल्या जातात. दुसऱ्या दिवशी मात्र अनेकदा बोलण्यात आणि कधी कधी लिहिण्यातही ‘एकवीस तोफांची सलामी दिली’ असा उल्लेख येतो. वस्तुतः या दोन निरनिराळ्या परंपरा असून त्यांचा उगम आणि अर्थही भिन्न आहे. शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व गावपातळीवरील अधिकारी यांना हा भेद ठाऊक असणे उपयुक्त ठरेल.

तोफेची भाषा

दूरवर निरोप पोहोचविण्याचे साधन म्हणून तोफेचा वापर आपल्याकडे जुना आहे. १६६० साली छत्रपती शिवाजी महाराज विशाळगडावर सुखरूप पोहोचल्याची खूण म्हणून गडावरून तोफांचे बार काढण्यात आले आणि ते कानी पडेपर्यंत बाजीप्रभू देशपांडे यांनी घोडखिंड लढविली, ही परंपरेने चालत आलेली कथा प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला माहीत असते. तेथे तोफेचा बार हा शत्रूवरील मारा नव्हता, तो संदेश होता.

सलामीच्या तोफांचा उगम समुद्रावरील अशाच एका संदेशात शोधला जातो. जुन्या काळी एकदा उडविलेली तोफ पुन्हा ठासण्यास बराच वेळ लागे. परक्या बंदरात शिरताना जहाज आपल्या तोफा उडवून रिकाम्या करी. आपण शस्त्र रिते करून, विश्वासाने येत आहोत, असा त्याचा अर्थ होता. जहाजावरून सात बार निघत आणि किनाऱ्यावरील किल्ला प्रत्येक बारास तीन बारांनी उत्तर देई. एकवीस ही संख्या अशी रूढ झाली, असे स्पष्टीकरण दिले जाते. स्वतःचे शस्त्र निकामी करून समोरच्याचा मान राखणे, हे सलामीचे मूळ तत्त्व होय.

संख्येतील मानपान

पुढे या शिष्टाचारात दर्जाची उतरंड शिरली. ब्रिटिश अमदानीत व्हाइसरॉयला ३१ तोफांची सलामी असे. संस्थानिकांसाठी ९, ११, १३, १५, १७, १९ व २१ अशा विषम संख्यांच्या पायऱ्या ठरविल्या होत्या. कोल्हापूरच्या छत्रपतींना १९, तर बडोद्याचे गायकवाड व ग्वाल्हेरचे शिंदे यांना प्रत्येकी २१ तोफांचा मान होता. हैदराबादचा निजामही २१ तोफांचाच मानकरी. दोन तोफा वाढाव्यात म्हणून दरबारांत वर्षानुवर्षे पत्रव्यवहार चाले. हा मान पदाचा होता आणि तो देणे वा रोखणे परकीय सत्तेच्या हाती होते.

मराठवाडा त्या वेळी हैदराबाद संस्थानात होता. आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तत्पूर्वी जालना व अंबड हे भाग औरंगाबाद (आताचा छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात समाविष्ट होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने संस्थानात प्रवेश केला. १५ सप्टेंबरला जालना शहर ताब्यात आले. १७ सप्टेंबरला निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी संस्थानच्या सेनापतीने मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने देशातील सर्वच संस्थानिकांची मान्यता व तनखे संपुष्टात आले.

आज २१ तोफांची सलामी प्रजासत्ताक राष्ट्राची आहे. २६ जानेवारी रोजी दिल्लीत राष्ट्रध्वज फडकताच राष्ट्रगीताच्या ५२ सेकंदांत सात तोफांतून प्रत्येकी तीन, असे एकवीस बार काढले जातात. पहिला बार राष्ट्रगीताच्या प्रारंभाशी आणि शेवटचा त्याच्या समाप्तीशी जुळावा लागतो. पूर्वी यासाठी ब्रिटिश बनावटीच्या २५ पौंडी तोफा वापरल्या जात. २०२३ पासून प्रजासत्ताक दिनी भारतीय बनावटीच्या १०५ मिलिमीटर तोफांना हे काम देण्यात आले.

तीन फैरींचा अर्थ

अंत्यसंस्काराच्या वेळच्या फैरी तोफांच्या नसून बंदुकांच्या असतात. सतराव्या शतकातील युरोपीय लढायांत दोन्ही बाजू मृतांना उचलून नेण्यासाठी लढाई थांबवीत. आपल्या मृतांची व्यवस्था पूर्ण झाली, हे कळविण्यासाठी तीन फैरी झाडल्या जात, अशी या प्रथेची उपपत्ती सांगतात. आपल्याकडे ‘त्रिवार वंदन’ ही कल्पना मुळातच रुजलेली असल्याने ही प्रथा परकी वाटत नाही.

नेमलेली तुकडी अधिकाऱ्याच्या हुकमासरशी बंदुका आकाशाकडे रोखते आणि सर्व बंदुका एकाच क्षणी उडतात. तीन वेळा असे झाल्यावर बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ची धून वाजते. छावणीत दिवस संपल्याची व पहारे लागल्याची वर्दी देणारी ही धून सैनिकाच्या अखेरच्या निरोपाची धून झाली आहे. जवान बंदुकीची नळी खाली करून, मस्तक लववून ‘शोक शस्त्र’ या स्थितीत उभे राहतात.

येथे दोन्ही परंपरांतील मुख्य भेद स्पष्ट होतो. तोफांची संख्या पदानुसार बदलत असे. फैरी मात्र तीनच असतात, मग दिवंगत व्यक्ती सेनाधिकारी असो वा नुकताच भरती झालेला शिपाई असो. मृत्यूपुढे आणि कर्तव्यापुढे दर्जा उरत नाही, हे त्या तीन आवाजांतून सांगितले जाते. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, पोलीस दलाची तुकडी हवेत फैरी झाडून हुतात्म्यांना मानवंदना देते. ज्या भूमीवर एका व्यक्तीसाठी एकवीस तोफा मोजल्या जात, तेथे आता सामान्य घरांतून आलेल्या हुतात्म्यांसाठी बंदुका उंचावतात. हा बदल शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आवर्जून समजावून सांगावा.

गावाने घ्यावयाची दक्षता

मानवंदनेसाठी वापरलेल्या काडतुसात दारू असते, पण गोळी नसते. तरीही नळीतून निघणाऱ्या ज्वालेने व तप्त वायूने जवळच्या माणसास इजा होऊ शकते. म्हणून तुकडीच्या पुढील व बाजूची जागा मोकळी ठेवावी. मोबाइलवर चित्रण करण्यासाठी कोणीही पुढे सरसावू नये. लहान मुले, वृद्ध व जनावरे दूर असावीत. रिकाम्या पुंगळ्यांचा हिशेब तुकडीला द्यावा लागतो. त्या आठवण म्हणून उचलू नयेत. न उडालेले काडतूस दृष्टीस पडल्यास त्यास हात न लावता पोलिसांना कळवावे.

शवपेटीवरील राष्ट्रध्वजाचा केशरी पट्टा डोक्याच्या बाजूस असावा. ध्वजसंहितेनुसार ध्वज चितेवर जाळता येत नाही किंवा दफनभूमीत उतरविता येत नाही. तो विधिपूर्वक घडी करून कुटुंबीयांच्या स्वाधीन केला जातो. घोषणा जरूर द्याव्यात, परंतु पहिल्या फैरीच्या हुकमापासून बिगूल थांबेपर्यंत संपूर्ण शांतता पाळावी.

आणखी एक गोष्ट निक्षून सांगणे आवश्यक आहे. खाजगी परवान्याच्या बंदुकीतून भावनेच्या भरात बार काढणे ही मानवंदना नव्हे. आकाशात सोडलेली खरी गोळी परत खाली येते आणि कोणाचाही जीव घेऊ शकते. इतरांचे जीवित धोक्यात येईल अशा रीतीने लग्नात, मिरवणुकीत वा अन्य समारंभात गोळीबार करणे हा शस्त्र अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार गुन्हा असून त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ग्रामसभेत ही माहिती दिल्यास एखादा अनर्थ टळू शकेल.

सलामीच्या मुळाशी शस्त्र रिते करण्याची भावना आहे. ती ध्यानी ठेवून, शिस्तीने व शांततेने त्या तीन फैरी ऐकणे, हा गावाने आपल्या जवानाला दिलेला खरा मान होय.