मोटार ठेंगणी केली तर?

खड्ड्यातून जाणारी एखादी मोटार तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून नीट पाहिली आहे काय? पुढच्या वेळी सगळ्या मोटारीकडे न पाहता फक्त तिच्या चाकाकडे पाहा. चाक खड्ड्यात उतरते, पलीकडच्या कडेवर आपटून झटकन वर येते; पण वरचा सांगाडा आणि आतली माणसे जवळजवळ त्याच पातळीवरून पुढे जातात. चाकाला वर-खाली होण्यासाठी जी मोकळी जागा ठेवलेली असते, तिची ही करामत आहे. ती जागा किती ठेवायची आणि तिला जोडीला कोणती स्प्रिंग द्यायची, हे कारखान्यात हिशेबाने ठरवलेले असते.

काही हौशी मालक या मूळच्या स्प्रिंगा काढून बाजारात मिळणाऱ्या आखूड स्प्रिंगा बसवतात. मोटार तीन-चार सेंटिमीटर खाली येते आणि शर्यतीच्या गाडीसारखी दिसू लागते. काही ठिकाणी तर नवी स्प्रिंगही घेत नाहीत. जुन्या स्प्रिंगचेच एखादे वेटोळे करवतीने कापून टाकतात. असे काम चालू असताना मी एकदा कारागिराला विचारले, की कापल्यावर स्प्रिंग मऊ होईल की ताठ? तो म्हणाला, "मऊ होणार, साहेब. म्हणून तर गाडी खाली बसते." तुमचे उत्तर काय? पुढे वाचण्यापूर्वी मनाशी ठरवा.

आता प्रयोग करा. शाळेच्या प्रयोगशाळेतून एक लांब, सैल स्प्रिंग घ्या. ती टांगून खाली वजन लावा आणि लांबी किती वाढते ते मोजा. मग स्प्रिंग न कापता तिच्या बरोबर मध्यावरचे वेटोळे खिळ्यात अडकवा, म्हणजे खालची अर्धीच स्प्रिंग कामाला येईल. तेच वजन लावा. वाढ निम्मी भरेल. कारण उघड आहे. वजनाचे बल प्रत्येक वेटोळ्यावर सारखेच पडते आणि प्रत्येक वेटोळे थोडे थोडे उघडते. वेटोळी निम्मी झाली की एकूण वाढही निम्मी. म्हणजे कापलेली स्प्रिंग मऊ होत नाही, ताठ होते! मोटार खाली येते ती स्प्रिंग आखूड झाल्यामुळे. बल आणि वाढ यांचे हे प्रमाण रॉबर्ट हुक याने १६७६ साली अक्षरांच्या कोड्यात दडवून छापले आणि १६७८ साली उलगडून सांगितले.

स्प्रिंग ताठ झाली तर मग बिघडले कुठे? त्यासाठी थोडे गणित करू. आकडे सोयीचे घेतले आहेत, पण छोट्या मोटारीच्या जवळपासचे आहेत. समजा, एका चाकाच्या स्प्रिंगवर ३०० किलोग्रॅमचा भार आहे, म्हणजे सुमारे ३००० न्यूटन. स्प्रिंग १ मिलिमीटर दाबायला २० न्यूटन लागतात. तेव्हा उभ्या मोटारीत ती १५० मिलिमीटर दबलेली असेल. चाकाला वर यायला अजून ८० मिलिमीटर जागा आहे आणि त्यापुढे रबराचा ठोकळा आहे. धक्का बसला की या ८० मिलिमीटरांत स्प्रिंग जी जास्तीची ऊर्जा सामावून घेते, ती ½ × स्थिरांक × अंतराचा वर्ग, म्हणजे ½ × २०,००० × (०.०८)² = ६४ ज्यूल.

आता मोटार ४० मिलिमीटर खाली आणा. जागा निम्मी उरली. पण सूत्रात अंतराचा वर्ग आहे! स्प्रिंग तेवढीच ताठ असेल, तर सामावणारी ऊर्जा निम्मी नव्हे, पाव होते : १६ ज्यूल. पूर्वीइतके ६४ ज्यूल हवे असतील, तर स्प्रिंग चौपट ताठ हवी. तशी बसवली तर मोटारीचा दोलनकाल निम्मा होईल आणि आतल्या माणसांची हाडे खिळखिळी होतील. म्हणून स्प्रिंग विकणारे मधला मार्ग काढतात. समजा, त्यांनी ती ३० टक्के ताठ केली, म्हणजे स्थिरांक मिलिमीटरला २६ न्यूटन. हिशेब करा : सुमारे २१ ज्यूल. मूळच्या क्षमतेचा जेमतेम तिसरा हिस्सा. उरलेली ऊर्जा कोठे जाते? रबराच्या ठोकळ्यावर, तेथून सांगाड्याच्या सांध्यांवर, आणि शेवटी बसणाऱ्याच्या पाठीवर.

चाक खाली लोंबते तेव्हा काय होते, हे सहसा कोणी पाहत नाही. मूळच्या मोटारीत चाक खाली जायला ८० मिलिमीटर वाव आहे असे धरा. त्याची हद्द शॉक ॲब्सॉर्बरची लांबी ठरवते. चाक पूर्ण लोंबले तरी जुनी स्प्रिंग १५० वजा ८०, म्हणजे ७० मिलिमीटर दबलेलीच राहते. नवी स्प्रिंग उभ्या मोटारीत सुमारे ११५ मिलिमीटर दबते. पण सांगाडा खाली आल्यामुळे चाकाला लोंबायला आता १२० मिलिमीटर आहेत. म्हणजे चाक एखाद्या खोल खड्ड्यात लोंबले, की स्प्रिंग आपल्या बैठकीत चक्क पाच मिलिमीटर सैल! परत बसताना ती वाकडी बसू शकते. कापलेल्या स्प्रिंगचे तर टोकच सपाट उरत नाही. काही जण स्प्रिंग गॅसच्या ज्योतीने लाल करून दाबतात. हा सर्वांत वाईट प्रकार, कारण त्याने पोलादाला दिलेले पाणीच उतरते आणि स्प्रिंग पुढे बसत जाते, नाहीतर तुटते.

शॉक ॲब्सॉर्बरचे काम स्प्रिंगची दोलने थोपवण्याचे. तो जुन्या स्प्रिंगच्या मापाचा असतो. ताठ स्प्रिंगला तो अपुरा पडतो आणि त्याचा दट्ट्या नेहमी तळाजवळ चालतो. चाकांचे कोन बदलतात, टायर आतल्या कडेने झिजतात. हे दोष पैशाने निस्तरता येतात.

ब्रेकचे तसे नाही. काही जुन्या मोटारींत मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा हे ठरवणारी एक झडप असते आणि ती सांगाड्याची उंची पाहून भार ओळखते. मागची बाजू खाली आली म्हणजे माणसे बसली, असे ती समजते. ठेंगण्या केलेल्या रिकाम्या मोटारीत ही झडप फसते, मागच्या चाकांना जादा दाब देते; ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी जखडतात आणि मोटार गर्रकन फिरते. नव्या मोटारींत हे काम विद्युत-यंत्रणा करते. पण ज्या गाडीला अशी झडप आहे, तिच्या मालकाला कारागीर हे सांगतो काय?

शर्यतीच्या गाड्या ठेंगण्या असतात हे खरेच. गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर बाहेरच्या चाकांकडे भार कमी सरकतो. पण त्यांचा मार्ग गुळगुळीत असतो आणि स्प्रिंगबरोबर शॉक ॲब्सॉर्बर, चाकांचे कोन, सारेच नव्याने जुळवलेले असते. आपल्याकडे प्रमाणित गतिरोधकसुद्धा १० सेंटिमीटर उंच असतो, आणि गावोगावचे अप्रमाणित तर विचारूच नका. शिवाय नोंदणीतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाहून वेगळे होतील असा बदल मालकाने करू नये, असे १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ सांगते.

एक उदाहरण तुमच्यासाठी. वरच्या दोन्ही मोटारींत चार माणसे बसवा. प्रत्येक स्प्रिंगवर ६०० न्यूटन भार वाढला असे धरा. दोन्ही मोटारी आणखी किती खाली बसतील? वर यायला जागा किती उरेल, आणि तीत किती ऊर्जा सामावेल?

(उत्तर : मूळची मोटार ३० मिलिमीटर खाली बसेल, जागा ५० मिलिमीटर, ऊर्जा २५ ज्यूल. ठेंगणी सुमारे २३ मिलिमीटर खाली बसेल, जागा १७ मिलिमीटर, ऊर्जा ४ ज्यूलपेक्षाही कमी.)